मिठवणी आणि वाळवण

मीठ ही वस्तू आज इतकी स्वस्त झाली आहे, की तिच्या किमतीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. सांडले तर पुसून टाकावे, पाण्यात विरघळले तर ओतून द्यावे. तथापि ‘मीठ-भाकर’ हा शब्द ज्या भाषेत संसाराचे किमान मोजमाप म्हणून रूढ झाला आणि ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ ही ज्या भाषेत निष्ठेची कसोटी ठरली, त्या भाषेच्या पूर्वजांना मीठ फुकट मिळत नव्हते, हे उघड आहे. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलखात, या गोष्टीचा इतिहास फार स्पष्टपणे वाचता येतो. आणि तो वाचण्यास एका परदेशी पक्ष्याच्या पाककृतीचे निमित्त पुरेसे आहे.

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा सण असतो. ही तिथी तेथील कायद्याने १९४१ साली कायम झाली. त्या दिवशी, आणि पुढे नाताळातही, टर्की नावाचा मोठा पक्षी अखंड भाजण्याची तेथे चाल आहे. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो प्राचीन काळीच माणसाळविला होता. हिंदुस्थानला त्याची ओळख गोव्याच्या वाटेने झाली. १६१२ साली मुकर्रबखान हा सरदार गोव्याहून काही अपूर्व प्राणी घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारी आला. त्यांत हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे कौतुकाने वर्णन लिहिले, आणि दरबारचा चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. नावाच्या बाबतीत मात्र या पक्ष्याचा जन्मभर गोंधळच झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्थानचा मानले, पोर्तुगीजांनी पेरू देशाचा, आणि खुद्द तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ म्हणून आमच्या देशाचा ठरविले.

टर्कीच्या छातीचे मांस जाड असते आणि त्यात चरबी थोडी असते. मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी ठणठणीत होते, ही तेथील गृहिणींची जुनी तक्रार. तीवरचा उपाय म्हणजे भाजण्यापूर्वी पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणे. गुळाच्या पाण्याला गुळवणी म्हणावयाचे, त्याच चालीवर या पाण्याला मिठवणी म्हणता येईल. एक लिटर पाण्याला पन्नास ते साठ ग्रॅम मीठ, आणि मुदत बारा तासांपासून एका दिवसापर्यंत, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे.

मीठ हे पाणी ओढून घेणारे आहे, असा सर्वांचा अनुभव. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. मग मिठाच्या पाण्याने मांस ओले कसे राहावे? याचे उत्तर प्रमाणात आहे. मीठ सौम्य असेल तर ते स्नायूंच्या तंतूंत शिरते. तेथील प्रथिने फुगतात, थोडीफार विरघळतात, आणि फुगताना पाणी आत घेतात. पुढे आच लागली तरी ती प्रथिने आवळून सगळे पाणी पिळून काढू शकत नाहीत. भाजताना मांसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा एरवी उडून जातो. मिठवण्यात मुरलेले मांस आधी सुमारे दशांश पाणी पिऊन बसलेले असल्याने त्याची निव्वळ घट निम्म्यावर येते. उलट मीठ कोरडे आणि सढळ हाताने चोळले, तर ते मांसातले पाणी बाहेर काढते, आणि जे उरते तेही जंतूंच्या उपयोगाचे राहत नाही. मांस सुकते आणि टिकते. म्हणजे मिठाची दोन कामे झाली. एक उद्याच्या सणासाठी ओलावा राखणे. दुसरे पुढच्या उपासासाठी ओलावा काढून टाकणे. पहिले काम मिठवण्याचे, दुसरे वाळवणाचे.

मराठी मुलखात मिठवण्याशी अगदी जवळचे नाते सांगणारी चाल समुद्रकाठीच आढळते. यहुदी धर्माच्या आहारनियमांप्रमाणे मांसातील रक्त काढण्यासाठी ते अर्धा तास पाण्यात भिजवावयाचे, मग जाड मीठ लावून एक तास निथळत ठेवावयाचे, आणि शेवटी तीनदा धुवावयाचे असते. मराठी ही ज्यांची घरची भाषा, ते कोकणातील बेने इस्राएल याच धर्माचे. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या वस्तीची जुनी गावे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत, आणि याच जिल्ह्यात पेण व उरण येथील मिठागरे आहेत. आगरी समाजाचे नावच या आगरांवरून पडले. जेथे मीठ डोळ्यांसमोर पिकते, तेथे मूठभर मीठ लावून ते धुऊन टाकण्याचा नियम पाळणे फारसे जड जात नाही.

घाट चढून मराठवाड्यात आले की परिस्थिती पालटते. लातूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी पावणेचारशे किलोमीटरांहून दूर. नांदेडपासून साडेचारशेहून अधिक. सरळ रेषेने पाखरू जाते; मिठाचा बैल घाटाच्या वळणांनी जात असे. जवळपास खारी जमीन नव्हती असे नाही. उत्तरेस वऱ्हाडात लोणारचे खारे सरोवर आहे, आणि त्याच्याही पलीकडे पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला खारपाणपट्टा म्हणतात तेथे, खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर पूर्वी मीठ करीत. परंतु बालाघाटच्या डोंगरांत आणि मांजरेच्या खोऱ्यात रोजच्या भाकरीला लागणारे मीठ मुख्यतः बाहेरून, बैलांच्या पाठीवरूनच यावयाचे.

ते आणणारे लोक म्हणजे लमाण, अर्थात बंजारा. लमाण हा शब्द ‘लवण’ यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्यांचा धंदा मात्र तिला साजेसा होता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेक वेळा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या लोकांचे वर्णन केले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या चार जमाती होत्या. एक धान्य वाही, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी केवळ मीठ. आणि एकीने दुसरीचा माल वाहावयाचा नाही असा दंडक होता. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे आपण वाटेत पाहिले, असे तो सांगतो. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो सरेपर्यंत इतर प्रवाशांना दिवसच्या दिवस थांबून राहावे लागे. नांदेड जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आजही तांड्यांची वस्ती मोठी आहे. बैलांवरचे मीठ गेले. ‘तांडा’ हा शब्द गावाचे नाव होऊन राहिला.

त्यांचा धंदा आगगाडीने बुडविला. हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ साली पोहोचली; तिचे रूळ अवघे अडीच फूट अंतराचे होते. मीठ आता वाघिणीतून येऊ लागले. तथापि त्याच्या किमतीत वाहतुकीखेरीज आणखी एक भार होता, आणि तो सरकारचा. निझामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. तेव्हा तेथील रयतेच्या ताटात पडणारे मीठ ब्रिटिश मुलखात कर भरूनच सरहद्द ओलांडीत असे. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील भाषणात तो कमी करण्याची मागणी केली. १९०३ साली तो दोन रुपयांवर आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. १९२३ साली सरकारने तो पुन्हा अडीच रुपये केला, आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी निम्म्यावर आणला. १९३० साली दांडीच्या किनाऱ्यावर आणि त्यामागोमाग कोकणात शिरोड्यास जो सत्याग्रह झाला, तो याच मिठासाठी. हा कर १९४७ साली रद्द झाला.

आता थोडा हिशेब करून पाहावा. पाच-सहा किलोचा पक्षी बुडावा म्हणून सहा लिटर मिठवणी लागले असे धरू. त्यात साडेतीनशे ग्रॅमांच्या आसपास मीठ पडेल. मणाला, म्हणजे सुमारे सदतीस किलोंना, अडीच रुपये या दराने तेवढ्या मिठावर जुन्या नाण्याचा दीड पैसा नुसता करच झाला. मिठाची मूळ किंमत आणि बैलाचे किंवा वाघिणीचे भाडे निराळेच. आणि एवढे करून मांसात जाते ते थोडे. बाकीचे सारे मीठ दुसऱ्या दिवशी मोरीत ओतून द्यावयाचे! वाळवणाची गोष्ट वेगळी. वाळवणाला लावलेले मीठ बहुतेक त्याच मांसावर राहते आणि शिजताना रश्शात उतरते. त्यातला खडाही वाया जात नाही. ज्या घरात मीठ मोजून आणावे लागे, त्या घराने या दोहोंतून कोणते निवडावे हे सांगावयास नको.

मिठवण्याला मिठाइतकेच पाणीही हवे. या मुलखात तेही बेताचेच. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची विहीर न् विहीर तपासून पाहिली. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे बंजारा समाजातले, हा इतिहासातला एक लक्षणीय योगायोग होय. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने पुरवावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात मीठ आगगाडीने आले, त्याच गावात पाणीही आगगाडीने आले. मिठवण्याचे दोन्ही घटक जेथे तीनतीनशे किलोमीटरांवरून आणावे लागतात, तेथे ते स्वयंपाकाची रीत म्हणून रुजले नाही, यात नवल नाही.

तिसरी गोष्ट थंडीची. कच्चा पक्षी पाण्यात दिवसभर ठेवावयाचा तर ते पाणी चार-पाच अंश सेल्सिअसच्या वर जाता उपयोगी नाही. नाहीतर मांस मुरण्याऐवजी नासू लागते आणि खाणाराच्या जिवावर बेतते. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर अशी थंडी अंगणातच मिळते. ती तेथे इतकी मुबलक, की १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने बोस्टनच्या परिसरातील तळ्यांचा बर्फ ‘टस्कनी’ जहाजात भरून थेट कलकत्त्यास विकावयास पाठविला. लातूर-नांदेडच्या डिसेंबरातील रात्री सुखद असतात, बर्फाच्या नसतात. शीतकपाट घरोघरी येण्यापूर्वी येथे मिठवणी घालणे म्हणजे मांस फेकून देण्याची तयारी करणे होते.

मग या मुलखाने मांस मऊ आणि ओले ठेवण्यासाठी काय केले? त्याने भाजण्याची वाटच सोडली. मार्गशीर्षाच्या अखेरीस, म्हणजे बहुधा नाताळाच्या आगेमागेच, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी व देवणी जातीची गुरे यांचा तेथील बाजार प्रसिद्ध आहे. अशा यात्रांच्या दिवसांत मांसाहारी घरांतून चुलीवर जे शिजते, ते अखंड भाजलेले नसते. तुकडे करून, हळद-मीठ लावून, भरपूर रश्शात मंद आचेवर शिजविलेले असते. गावरान कोंबडा चिवट खरा; परंतु त्याचा सुटलेला रस भांड्याबाहेर जात नाही, तो रश्शातच राहतो, आणि भाकरी तो टिपून घेते. मिठवणी मांसाच्या आत जे पाणी कोंडते, तेच पाणी येथे मांसाभोवती राखले जाते.

आणि ती भाकरी ज्वारीची. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. ज्वारीत आणि बाजरीत ते नसते. काही माणसांच्या आतड्यांना ग्लूटेन मुळीच सोसत नाही. या विकाराचे कारण गहू होय, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके याने विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केले. त्याचा प्रबंध १९५० साली उत्रेख्त येथे सादर झाला. अशा माणसासाठी टर्की करावयाची तर पक्ष्यात पाव भरता येत नाही आणि रस्सा मैद्याने दाट करता येत नाही. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे रोजचे ताट मात्र कोणत्याही वैद्याने न सांगता या पथ्यात बसते. गहू त्याला सणाला, पुरणपोळीला आणि रोडग्याला मिळे. तरीही सावधगिरी हवी. येथील येसरात भाजलेल्या धान्यांबरोबर कोठे कोठे गहूही दळला जातो, आणि बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो.

यात्रेचा रस्सा हे सणाचे अन्न. परंतु मिठाने या मुलखात जे अधिक मोठे काम केले ते सणाचे नव्हते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या महार आणि मांग समाजांच्या वाट्याला मेलेले ढोर ओढण्याचे काम आले होते, आणि त्याचे मांसही. एका दिवशी खाऊन संपणार नाही एवढे मांस, आणि मग कित्येक दिवस काहीच नाही, अशी ती व्यवस्था. तेव्हा मांसाचे लांब पातळ पट्टे कापून, मीठ लावून, ते दोरीवर उन्हात वाळवीत. त्यांना चान्या म्हणतात. पाणी नको, थंडी नको. जे ऊन या मुलखाला भरपूर मिळाले आहे, तेच कामास लावलेले. उपासाच्या दिवसांत मूठभर चान्या पाण्यात शिजवून भाकरीला कोरड्यास होई. या पाकक्रियेचे विज्ञान टर्कीच्या मिठवण्याहून यत्किंचितही हलके नाही. परंतु तिच्या मागे जे सामाजिक बळ होते ते अन्यायाचे होते. म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. प्रश्न चवीचा नव्हता, माणुसकीचा होता.

अन्न सोडले म्हणून त्याची स्मृतीही पुसून टाकावी काय, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात या दोन समाजांच्या मराठवाड्यातील खाद्यसंस्कृतीची नोंद केली. लेखक मूळचे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातले. लातूर जिल्हाही १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. छापील पाकपुस्तकांतून तूप, केशर आणि वेलदोडे यांची वजने दिलेली आढळतात. ज्या चुलीवर मिठाचा खडाच मसाला होता, त्या चुलीची पाकक्रिया मराठीत सविस्तर ग्रंथबद्ध होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

आज मराठवाड्यातून अमेरिकेत गेलेल्या एखाद्या कुटुंबाने आभाराच्या सणाला टर्की आणली, तर त्याला मीठ, पाणी आणि थंडी या तिन्ही गोष्टी घरातच मिळतात. रात्री पक्षी मिठवण्यात घालून शीतकपाटात ठेवावा. मात्र विकत आणतानाच मीठपाणी टोचलेला पक्षी असेल तर त्याला पुन्हा मिठवणी नको. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पुसून भाजावा, आणि छातीच्या व मांडीच्या जाड भागाची आतली उष्णता चौऱ्याहत्तर अंशांवर गेली की उतरवावा. पंगतीत ग्लूटेन न सोसणारा पाहुणा असेल तर रस्सा ज्वारीच्या पिठाने दाट करावा. मात्र त्या पिठाच्या पुडीवर गव्हाचा संसर्ग नसल्याची खूण पाहून घ्यावी. एवढ्याने तो पक्षी ओलसर राहील आणि पाहुणाही निर्धास्त जेवेल.

ते उरलेले मिठवणी मात्र, कच्च्या मांसात राहिलेले म्हणून, ओतूनच टाकावे लागते. पुन्हा वापरता येत नाही. सहा लिटर पाणी आणि साडेतीनशे ग्रॅम मीठ क्षणार्धात नाहीसे होते, आणि ते खर्चात कोणी धरीतही नाही. पूर्वी तेवढेच मीठ घाट चढून, जकात भरून आणि बैलाच्या पाठीवरून लातूरच्या बाजारात येई, आणि तेवढेच पाणी त्याच लातूरला अगदी अलीकडे रांगेत उभे राहून घ्यावे लागले. ज्याला समृद्धी म्हणावयाचे ती बहुधा हीच, की जे पूर्वजांनी खडा न् खडा जपले ते विचार न करता ओतून देता यावे. ते ओतताना एवढा हिशेब ठाऊक असला, तर खाल्ल्या मिठाला जागल्यासारखे होईल.